धातूच्या पोटातला इतिहास : इनामगावच्या तांब्यापासून छापील इंजिनापर्यंत

शिरूरला जुनी माणसे आजही ‘घोडनदी’ म्हणतात. ज्या नदीवरून हे नाव पडले, त्या घोडनदीच्या उजव्या तीरावर, शिरूर तालुक्यातच, इनामगाव आहे. १९६८ ते १९८३ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने येथे उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, झै. दा. अन्सारी आणि म. के. ढवळीकर यांच्या नेतृत्वाखाली १३० हून अधिक घरांचे अवशेष उजेडात आले. इ.स.पू. सुमारे १६०० ते ७०० अशी नऊशे वर्षे हे गाव सलग नांदते होते. थोडे दक्षिणेला, भीमा आणि मुळा-मुठा यांच्या संगमाजवळ, दौंड तालुक्यातील वाळकी येथेही याच संस्कृतीची एक छोटी वस्ती सापडली. शिरूर-दौंड पट्ट्यातील शेतकऱ्यांचे हे सर्वांत जुने पुरावे आहेत.

या काळाला ‘ताम्रपाषाणयुग’ म्हणतात. नावात तांबे आधी येते, पण इनामगावच्या मातीत हा क्रम उलटा दिसतो. रोजचे काम दगडाचे होते. कॅल्सेडोनीसारख्या गारगोटीची धारदार पाती हजारोंनी मिळतात. तांबे मात्र मोजके : मणी, बांगड्या, छिन्नीसारखी लहान हत्यारे. कारण भूगोलात आहे. पश्चिम महाराष्ट्राचे पठार बेसॉल्टचे असून त्यात तांब्याचे वापरण्याजोगे खनिज नाही. गुंजभर तांबे लागले तरी ते दुरून आणावे लागे. असे तांबे मोडले म्हणून कोणी टाकत नाही. ते मुशीत घालून पुन्हा वितळवले जाते.

ही साधी गोष्ट इतिहासाच्या दृष्टीने मात्र अडचणीची आहे. मडके फुटले की खापर उरते आणि घडवणाऱ्याच्या बोटांचे ठसेही त्यावर राहतात. तांबे वितळले की त्याचा आधीचा आकार जातो आणि आकाराबरोबर त्याच्या आत लिहिलेले बरेच काही पुसले जाते.

‘आत लिहिलेले’ हा केवळ अलंकार नाही. घन धातू बाहेरून एकसंध दिसला तरी तो असंख्य लहान स्फटिककणांचा बनलेला असतो. त्या कणांचा आकार, दिशा आणि त्यांच्यामधल्या सीमा म्हणजे धातूची सूक्ष्मरचना. तांबे सुमारे १०८५ अंश सेल्सिअसला वितळते. ते साच्यात थिजू लागले की स्फटिक झाडाच्या फांद्यांसारखे फुटत जातात. धातुशास्त्रात त्यांना डेंड्राइट म्हणतात. धातू सावकाश निवला तर फांद्या रुंद आणि विरळ होतात, झटकन निवला तर बारीक आणि दाट. म्हणजे ओतीव वस्तूचा एक छेद घेऊन तो आरशासारखा घासला, त्यावर सौम्य रसायन लावले आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर ती वस्तू किती वेगाने थंड झाली याचा अंदाज बांधता येतो.

पुढे तीच वस्तू थंड असताना हातोड्याखाली गेली, तर कण चेपतात, लांबट होतात आणि धातू कडक होतो. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत मठाराचे काम पाहिलेल्यांना हे वेगळे सांगावे लागत नाही. मठारण्याचे ठोके भांड्याला शोभा देतात, पण तेच ठोके मऊ पत्र्याला ताठपणाही देतात. ठोकून ठोकून तांबे फार कडक झाले तर ते तडकते. म्हणून कारागीर मधेच ते भट्टीत लाल करून पुन्हा मऊ करतो. या तापवण्यात चेपलेले कण नाहीसे होऊन त्यांच्या जागी नवे, नीटस कण जन्मतात, आणि तांब्यात अशा कणांवर सरळ समांतर पट्टे उमटतात. या पट्ट्यांना ‘जुळे’ म्हणतात. ठोकून मग तापवलेल्या तांब्याची ही जवळजवळ सहीच म्हणावी. पट्टे वाकडे दिसले तर तापवल्यानंतरही एकदा हातोडा चालला होता, हेही उघड होते. तीन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराने शेवटचा ठोका थंड धातूवर मारला की तापलेल्या, याचे उत्तर असे मिळू शकते. लिखित पुराव्यात असे उत्तर कुठून मिळणार?

युरोपात ही विद्या ज्या शंकेतून वाढली, तिची एक वाट मुंबईवरून जाते. १७९४ साली मुंबईतील डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना ‘वुट्झ’ नावाच्या भारतीय पोलादाचे नमुने पाठवले. पुढच्याच वर्षी जॉर्ज पिअर्सन यांनी त्यावर निबंध वाचला. शीर्षकात हे पोलाद ‘मुंबईत बनलेले’ म्हटले होते. ती चूक होती : मुंबई हे पाठवण्याचे बंदर, वुट्झचे माहेर दक्षिण भारत. शीर्षकातल्या या चुकीपेक्षा तेव्हा पडलेले कोडे अधिक मोलाचे आहे. लोखंड तेच, मग या पोलादात वेगळे काय? पुढे मायकल फॅरेडे आणि जेम्स स्टोडार्ट यांनी मिश्रधातूंचे प्रयोग केले, ते याच कोड्याच्या मागे लागून. त्यांनी मुख्यतः ‘यात काय मिसळले आहे’ हे शोधले. ‘ते आत कसे रचले आहे’ हा प्रश्न अजून रांगेत मागे होता. रशियात पावेल आनोसोव्ह यांनी १८३१ च्या सुमारास बुलात पोलाद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. शेफिल्डच्या हेन्री क्लिफ्टन सॉर्बी यांनी १८६३-६४ मध्ये पोलादाचे घासून, आम्लाने खरवडलेले छेद पद्धतशीरपणे तपासले. सॉर्बी मुळात खडकांचे अभ्यासक. दगडाचे पातळ काप पाहण्याची सवय त्यांनी धातूकडे वळवली, आणि तरी जवळजवळ वीस वर्षे पोलाद कारखानदारांनी त्याकडे फारसे लक्ष दिले नाही.

‘काय आहे’ आणि ‘कसे घडले’ या दोन प्रश्नांतले अंतर महाराष्ट्राच्या पुरातत्त्वातही ठळकपणे दिसते. इनामगावची संस्कृती ज्या गावाच्या नावाने ओळखली जाते, ते जोर्वे संगमनेरजवळ प्रवरेकाठी आहे. तेथे तांब्याच्या सहा चपट्या कुऱ्हाडी आणि एक बांगडी मिळाली. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये तेथे उत्खनन केले. एका कुऱ्हाडीच्या रासायनिक पृथक्करणात १.७८ टक्के कथील आढळले. आता हा आकडा काय सांगतो? कारागिराने जाणूनबुजून कथील घातले असेल, किंवा कुठल्या तरी जुन्या काशाच्या तुकड्यांसह तांबे पुन्हा वितळवले गेले असेल. आकडा दोन्हीला सारखाच मान डोलावतो. ती कुऱ्हाड ओतून तशीच ठेवली होती, की ओतल्यावर ठोकून तिची धार कडक केली होती, याबद्दल तर तो मुळीच बोलत नाही. ते धारेजवळच्या कणांना विचारावे लागते.

दायमाबादचा वाद याहून मोठा. १९७४ मध्ये प्रवरेकाठच्या या गावी चार भरीव ओतीव वस्तू सापडल्या : बैल जुंपलेला रथ व त्यावर उभा सारथी, रेडा, हत्ती आणि गेंडा. चौघांचे मिळून वजन ६० किलोहून अधिक. ज्या प्रदेशात तांब्याचा मणीही जपून वापरला जाई, तेथे हा ऐवज पाहून अभ्यासक चकित झाले नसते तरच नवल. काहींनी त्या उत्तर हडप्पा काळातल्या मानल्या, डी. पी. अग्रवाल यांनी मात्र धातूतील आर्सेनिकच्या प्रमाणावर बोट ठेवून त्यांच्या प्राचीनतेवर शंका घेतली. रासायनिक घटक हा एकच साक्षीदार असला की खटला असा लांबतो. घटकांवरून धातूचा उगम आणि काळ यांचा तर्क बांधता येतो, पण तोच धातू वितळवून नव्या काळात नव्या आकारात ओतला, तर घटक जवळजवळ तसेच राहतात. पुनर्वितळणात सूक्ष्मरचना नव्याने लिहिली जाते, घटकांची यादी मात्र बहुतांशी जुनीच चालू राहते. दोन्ही एकत्र वाचल्याशिवाय निकाल देणे धाडसाचे ठरते.

मग सगळ्याच वस्तू कापून का पाहू नयेत? अडचण इथेच आहे. छेद घेणे म्हणजे वस्तूला जखम करणे. कुऱ्हाडीच्या कडेचा दोन-तीन मिलिमीटरचा तुकडा एक वेळ खपेल, पण तेवढाच ज्याचा आकार आहे अशा मण्याचे काय? त्यातून जमिनीत तीन हजार वर्षे पडलेले तांबे बरेचदा धातू राहिलेलेच नसते. आत लालसर क्युप्राइट आणि बाहेर हिरवे मॅलेकाइट होऊन बसते. कधीकधी त्या गंजातही मूळ कणांची छाया टिकते, कधी काहीच टिकत नाही, आणि कापल्याशिवाय हे कळत नाही. शिवाय कापणारा नेमके काय नष्ट करेल, हे त्याला ठाऊक नसते. नेवाशाला एका बालकाच्या गळ्यातील तांब्याच्या मण्यांत रेशमाचा धागा सापडला, आणि घोडनदीवरच, इनामगावच्या वरच्या अंगाला असलेल्या चांडोलीत मण्यांच्या आत जवसाच्या तंतूचा धागा मिळाला. हे धागे वाचले ते तांब्यामुळेच. तांब्याचे क्षार सूक्ष्मजीवांना विषारी असतात. त्यामुळे एरवी काही वर्षांत कुजून जाणारा दोरा मण्याच्या पोटात टिकून राहिला. धातूची रचना पाहण्याच्या घाईत असा मणी कोणी कापला असता, तर भारतातील वस्त्रांच्या इतिहासाचा एक दुवा करवतीच्या चुऱ्यात गेला असता.

आता याच विद्येपुढे एक नवा धातू आला आहे. त्याला ना साचा लागतो, ना हातोडा. थ्रीडी प्रिंटिंग या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत धातूची बारीक भुकटी, म्हणजे केसाच्या जाडीहूनही लहान गोल कण, एका पाटावर पातळ थरात पसरतात. लेसरचा झोत हव्या त्या रेषांवरून फिरतो आणि तेवढीच भुकटी वितळून थिजते. मग त्यावर दुसरा थर, त्यावर तिसरा. एकेक थर साधारण ३० ते ५० मायक्रॉनचा. बोटभर उंचीच्या वस्तूला हजाराहून अधिक थर लागतात.

येथे वितळलेला ठिपका इतका लहान असतो की तो सेकंदाला लाखो अंश या वेगाने निवतो. इनामगावच्या काळातल्या मातीच्या किंवा दगडाच्या साच्यात ओतलेले तांबे याच्या तुलनेत आरामात विसावत होते. परिणाम सूक्ष्मदर्शकाखाली लगेच दिसतो. डेंड्राइटच्या फांद्यांना पसरायला वेळच मिळत नाही. त्यांच्या जागी एक मायक्रॉनहूनही लहान घरांची दाट जाळी उभी राहते. अशा जाळीमुळे छापलेले स्टेनलेस स्टील, नेहमीच्या पद्धतीने बनवून मऊ केलेल्या त्याच जातीच्या स्टीलपेक्षा, वाकण्याला दुपटीच्या आसपास अधिक प्रतिकार करते असे चाचण्यांत आढळले आहे. लोखंड, क्रोमियम, निकेल यांचे प्रमाण दोन्हींत सारखे. फरक फक्त घडणीचा. पिअर्सन आणि फॅरेडे यांना छळणाऱ्या कोड्याचेच हे नवे रूप.

छापील धातूचा उभा छेद आम्लाने खरवडला तर माशाच्या खवल्यांसारख्या कमानी एकावर एक रचलेल्या दिसतात. प्रत्येक कमान म्हणजे लेसरच्या एका फेरीने वितळलेल्या डबक्याचा तळ. पण कणांकडे पाहिले तर ते या कमानी जुमानत नाहीत. खालच्या थरातील कण वरच्या थरातही त्याच दिशेने वाढत जातो आणि अनेक थर भेदून उभ्या खांबासारखा उभा राहतो. म्हणून अशी वस्तू उभी ओढली आणि आडवी ओढली तर तिची ताकद सारखी असेलच असे नाही. लाकूड रेषेच्या बाजूने आणि रेषेला आडवे फोडताना जो फरक जाणवतो, तशातला हा प्रकार आहे. ओतकामात आणि घडाईत पिढ्यान्‌पिढ्या जमलेला अनुभव येथे जसाच्या तसा कामी येत नाही.

धातूच्या स्मृतीचा प्रश्नही येथे गुंतागुंतीचा होतो. इनामगावचे तांबे मुशीत गेले की जुनी रचना एकदम पुसली जाई. छपाईत प्रत्येक नवा थर खालच्या थराचा वरचा भाग पुन्हा वितळवतो आणि त्याखालच्या थरांना पुन्हा तापवतो. म्हणजे लिहिणे आणि अर्धवट पुसणे एकाच वेळी चालू असते. टायटॅनियमच्या मिश्रधातूत हे विशेष दिसते : आधी उंच खांबासारखे कण तयार होतात, मग झटकन थंड होताना त्यांच्या पोटात सुयांसारखी बारीक, कडक रचना उमटते. खांब नाहीसे झालेले असतात, तरी सुया त्यांच्याच जुन्या हद्दीत उभ्या असतात. उजाड झालेल्या गावाच्या पायावरच नवी घरे बांधावीत, तसे. इनामगावात हेच घडले होते म्हणा : पूर्वीच्या प्रशस्त चौकोनी घरांच्या जागी शेवटच्या काळात लहान गोल झोपड्या आल्या, ढवळीकरांनी त्याचे कारण वाढत्या दुष्काळात शोधले.

या सगळ्याची किंमत प्रयोगशाळेपुरती नाही. ९ मे २०२४ रोजी ‘इस्रो’ने महेंद्रगिरी येथे पीएसएलव्ही प्रक्षेपकाच्या चौथ्या टप्प्याच्या छापील इंजिनाची ६६५ सेकंद यशस्वी चाचणी घेतली. हे इंजिन ‘विप्रो थ्रीडी’ने बनवले. पूर्वी १४ भाग जोडून होणारे इंजिन एकसंध झाले आणि १९ ठिकाणचे जोड टळले. जोड टळला की जोडाच्या जागी तडा जाण्याचे भय टळते. पण आता सगळा भरवसा आतल्या घडणीवर आला. दोन थरांमध्ये भुकटी पुरती वितळली नसेल, वायूचा बुडबुडा अडकला असेल किंवा झोत जास्त खोल घुसून पोकळी राहिली असेल, तर बाहेरून गुळगुळीत दिसणारा भाग नेमका त्या जागी फाटू शकतो. जोर्वेच्या कुऱ्हाडीची धार आतून कशी होती याची चूक झाली तर एखाद्या पुस्तकातला परिच्छेद बदलावा लागेल. येथे चूक झाली तर प्रक्षेपक गमवावा लागेल.

आणि पुन्हा तोच पेच : इंजिन कापून पाहिले तर उडवायचे काय? दोन्ही क्षेत्रांनी न कापता पाहण्याची साधने वापरायला सुरुवात केली आहे. क्ष-किरणांच्या त्रिमितीय चित्रणाने आतील पोकळ्या दिसतात. न्यूट्रॉनचा झोत जाड धातूतून आरपार जातो आणि कणांच्या दिशा सांगतो. अमेरिकी धातुशास्त्रज्ञ सिरिल स्टॅन्ली स्मिथ यांनी १९६० मध्ये धातूंच्या सूक्ष्मरचनेच्या अभ्यासाचा इतिहास ग्रंथरूपाने मांडला आणि प्राचीन वस्तूंना आधुनिक प्रयोगशाळेत मानाची जागा मिळवून दिली. त्यांच्या हाती घासलेला छेद आणि सूक्ष्मदर्शक हीच मुख्य साधने होती. पुरातत्त्वाला न्यूट्रॉनचा झोत त्याहून उपकारक आहे, कारण त्याच्यापुढे मणी शाबूत राहतो. तरीही एक मायक्रॉनच्या जाळीपर्यंत पोहोचायचे असेल तर अजून छेदाला पर्याय नाही.

छपाई करणाऱ्यांनी यावर एक व्यवहारी तोड काढली आहे. खऱ्या भागाशेजारी, त्याच पाटावर, त्याच भुकटीतून आणि त्याच झोताने लहान लहान दांडे छापायचे. त्यांना साक्षीदार तुकडे म्हणतात. कापायचे, ताणायचे, आम्लात घालायचे ते या तुकड्यांना. मूळ भाग अभंग राहतो. साक्षीदाराचा छेद नीट आला तर इंजिन पुढे जाते.

ताम्रपाषाणयुगाच्या अभ्यासकालाही असाच साक्षीदार हवा असतो : साच्यातून सांडलेला थेंब, छिन्नीने उडालेला कपचा, मुशीच्या तळाला चिकटलेला चुरा. असा भंगार तुकडा कापायला कोणाचाच जीव कचरत नाही आणि तो कारागिराच्या हाताबद्दल पूर्ण वस्तूइतकेच सांगतो. पण घोडकाठच्या त्या गावात तांबे फार महाग होते. थेंब आणि कपचे वेचून पुन्हा मुशीत जात. म्हणून इनामगावच्या प्रत्येक तांब्याच्या तुकड्याशी अभ्यासकाला आजही तीच वाटाघाट करावी लागते : किती मिलिमीटर, कुठल्या कडेचे, आणि त्या मण्याच्या भोकात आधी एकदा डोकावून पाहिले आहे ना.